सिंह, मोर, घुबड आणि आपली छत्तीस पोरं

पत्र असं आलंय:

"नमस्कार काकू, मी इंदूरची, सुदामानगरमध्ये राहते. आमच्या मंडळाचं दर मे महिन्यात मुलांचं निवासी शिबिर असतं, राऊच्या पुढे एका शाळेत, चार दिवस. बारा ते पंधरा वयाची मुलं-मुली, यंदा ३६ नावं आलीत. आत्तापर्यंत श्लोक, लेझीम, गाणी, किल्ल्यांच्या गोष्टी असं असायचं, यंदा कमिटीनं ठरवलंय की युवा नेतृत्व शिबिर करायचं आणि मुलांना स्वतःचं व्यक्तिमत्त्व ओळखायला शिकवायचं. त्यासाठी एक ट्रेनर सर येणार, पहिल्याच दिवशी चाळीस प्रश्नांची टेस्ट घेणार आणि त्यावरून प्रत्येकाला बॅज, सिंह, मोर, घुबड नाहीतर कबुतर. मग चारही दिवस बॅजप्रमाणे ग्रुप आणि बॅजप्रमाणे कामं. शेवटी पालकांसमोर बेस्ट लीडरची ट्रॉफी. बॅज छापूनही झालेत. मी शिबिराची मुख्य ताई आहे, मला हे काही पटत नाहीये, पण नाही म्हटलं तर त्याच्या जागी काय करायचं तेही माझ्याकडे नाही. आणि दुसरं म्हणजे माझा तेरा वर्षांचा मुलगा पण शिबिरात आहे. चारचौघांत तोंड उघडत नाही. त्याला घुबड मिळणार हे नक्की आणि मग घरी आजीपासून सगळे त्याला घुबडच म्हणणार. काय करू? तुमची, शिबिराची ताई."

अगं ताई, तुला पटत नाहीये ते बरोबरच आहे, पण कमिटीच्या मीटिंगमध्ये नुसतं पटत नाही म्हणून भागत नाही, तिथं कारण द्यावं लागतं आणि कारणापेक्षाही दुसरं टाइमटेबल हातात असावं लागतं. मी दोन्ही देते, तुला हवं तसं कापून घे.

आधी त्या टेस्टचं. माणसांना चार खणांत टाकायची हौस फार जुनी आहे, ग्रीक वैद्य म्हणायचे रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त, ज्याचं जे जास्त तसा त्याचा स्वभाव. आपल्याकडे वात-पित्त-कफ तीनच, त्यांच्याकडे चार. पुढं १९२१ मध्ये कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञानं स्वभावाच्या प्रकारांवर मोठं पुस्तक लिहिलं, ते वाचून अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी सोळा प्रकारांची टेस्ट बनवली, दोघींपैकी एकीनंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. ती टेस्ट आज जगभर ऑफिसांत चालते, आणि तिच्यावरचा मोठा आक्षेप हाच आहे की काही आठवड्यांनी परत दिली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. सोळा खणांच्या टेस्टची ही गत तर तुमच्या चार पक्षी-प्राण्यांचं काय घेऊन बसलीस. मोठ्या माणसांचं एकवेळ ठीक आहे, संध्याकाळी घरी जाऊन विसरतात. तेरा वर्षांच्या पोराच्या छातीवर चार दिवस घुबड लावलंस तर ते पोर घुबडासारखंच वागेल, कारण सगळे तशीच अपेक्षा करून राहिलेत.

आणि या वयाचं म्हणशील तर, २००० साली दोन अमेरिकन संशोधकांनी १५२ अभ्यास एकत्र करून बघितलं की बरोबरीच्यांमध्ये माणसाचा स्वभाव जिथं होता तिथंच किती राहतो. शून्य ते एक अशी पट्टी धरली तर लहानपणी ते ०.३१ निघालं, कॉलेजच्या वयात ०.५४, तिशीत ०.६४ आणि पन्नाशीनंतर कुठं ०.७४ च्या आसपास जाऊन थांबलं. म्हणजे तुझी छत्तीसच्या छत्तीस पोरं अजून पट्टीच्या खालच्या अर्ध्यातच आहेत, बरंच काही ठरायचंच आहे. कमिटीत कुणी इंजिनिअर असेल तर त्याला हे आकडे दाखव, आपल्या मंडळात एक तरी असतोच.

आता गंमत ऐक. ट्रेनर सर येणारच असतील, पैसे देऊन झाले असतील, तर येऊ देत. पहिल्या दिवशी टेस्टही होऊ दे. फक्त रिझल्ट तू लिहायचा. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या प्राध्यापकांनी वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची अशीच टेस्ट घेतली आणि आठवड्यानं प्रत्येकाला तुझं व्यक्तिमत्त्व म्हणून एक कागद दिला. पाचपैकी किती बरोबर आहे विचारलं तर सरासरी ४.२६ आली. मग कळलं की सगळ्यांना एकच कागद होता, आणि त्यातली वाक्यं बरीचशी स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातली होती! तर तू पण एकच मजकूर बनव आणि छत्तीस झेरॉक्स काढ. काहीतरी असं: "तू वरून शांत दिसतोस पण आत बरंच काही चालू असतं. तुला मित्र लागतात पण कधीकधी कुणीच नको वाटतं. तुझ्यात जेवढं आहे तेवढं अजून बाहेर आलेलं नाही. लोक तुला पटकन समजून घेत नाहीत." (वाच परत, तुला स्वतःलाही लागू पडतंय की नाही?) मुलींसाठीच्या प्रतीत क्रियापदं तेवढी बदल. प्रत्येकानं आपला कागद वाचायचा, पाच बोटांतली जेवढी पटली तेवढी वर करायची, आणि मग कागद शेजाऱ्याला द्यायचा. दोन सेकंद शांतता आणि मग हॉलमध्ये जो काय गोंधळ होईल, अरे भिया ये तो सेम टू सेम है, तो थांबवू नकोस. हसून झालं की एवढंच विचार, मग आपण कसे आहोत हे कळणार कशावरून? उत्तर तू देऊ नकोस. पाच बोटं वर केलेल्यांची चेष्टा तेवढी होऊ देऊ नकोस, फोररच्या वर्गात तर कॉलेजची मुलं होती, तीही फसलीच की.

ट्रेनर सरांना हे आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेव, स्टेजवर त्यांचा पोपट नको. चांगला माणूस असेल तर त्यालाच मजा येईल आणि पुढच्या शिबिरात तो हेच करेल. चिडला तर तुला त्याच्याबद्दल काहीतरी कळलं.

बॅज फुकट जातील ही कमिटीची काळजी, ती पण मिटवते. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेलनं इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं ना, ज्यातून पुढं स्काउट निघाले, त्यात साधारण वीस मुलं होती आणि पाच-पाचचे चार गट. गटांची नावं प्राणीपक्ष्यांचीच, लांडगे, बैल, डोमकावळे आणि एक पाणपक्षी. पण ते नाव गटाचं होतं, स्वभावाचं नाही, आणि गटात मोठ्या घरची आणि कामगार वस्तीतली पोरं मुद्दाम मिसळलेली होती. तू पण चिठ्ठ्या टाकून बॅज वाट. चार प्राणी छापलेत, तुला सहा-सहाचे सहा गट लागतील, तर राहिलेल्या दोन गटांना स्वतःचा प्राणी स्वतः काढायला लाव. वाघ निघेल हे मी आत्ताच सांगते. एखादा गट म्हैस काढेल, ती पोरं जास्त हुशार.

आता खरं काम. माझं म्हणणं इतकंच आहे की बारा-पंधराच्या पोराला आपण कसे आहोत हे प्रश्नपत्रिका सोडवून कळत नाही, वेगवेगळ्या कामात, वेगवेगळ्या माणसांबरोबर पडलं की कळतं. आणि हे मी मनानं सांगत नाहीये. कर्ट लेविन म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, ज्यू होते, १९३३ मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेत आले. त्यांनी लिपिट आणि व्हाइट या दोघांबरोबर आयोवामध्ये दहा-दहा वर्षांच्या मुलांचे क्लब चालवले, शाळा सुटल्यावर मुखवटे बनवायचे वगैरे असली हस्तकलेची कामं. मोठा माणूस कधी हुकूमशहासारखा वागायचा, कधी सगळ्यांना विचारून ठरवायचा, कधी नुसता बसून राहायचा. १९३९ मध्ये ते छापून आलं. हुकूम देणारा समोर असेतोवर मुलं काम करायची, तो खोलीबाहेर गेला की काम बंद. विचारून ठरवणारा बाहेर गेला तरी काम चालू. नुसता बसणाऱ्याच्या क्लबात काम थोडं आणि धांदल जास्त. पण मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की मुलं तीच, मोठ्या माणसाची पद्धत बदलली की मुलांचं वागणंही बदलायचं. म्हणजे जे पोर एका ताईकडे ढिम्म, तेच दुसऱ्या दादाकडे हुशार. आता सांग यातला त्याचा स्वभाव कुठला? आणि तुमच्या शिबिरात त्याची टेस्ट ज्या दिवशी होईल त्या दिवशी त्याच्यासमोर कोण उभं असेल?

म्हणून शिबिरात नाटकी ॲक्टिव्हिटी कमी कर आणि खरी कामं पोरांना दे. डोळ्यावर पट्टी बांधून मित्राच्या अंगावर पडायचं असलं दहा मिनिटं ठीक आहे. पण ३६ पोरं आणि आठेक मोठी चार दिवस जगवायची तर कामांची कमी नाही: नाश्ता, पाणी, वेळेची घंटा, हिशेब, सफाई आणि रात्रीचा कार्यक्रम. सहा गट, सहा कामं. सकाळ-संध्याकाळ काम बदललं की चार दिवसांत प्रत्येक गटाची बहुतेक कामं होतात. आणि दर पाळीला गटातला प्रमुख वेगळा, म्हणजे सहा जणांत सहा पाळ्यांना प्रत्येकाची वेळ येतेच, हात वर करायची गरज नाही आणि पळायला जागा नाही. सफाईचं फार शिकवावं लागणार नाही, २०१७ पासून स्वच्छतेत इंदूरचा देशात पहिला नंबर ऐकत वाढलेली पोरं आहेत, ओला-सुका तेच तुम्हाला शिकवतील.

काम मात्र खरंच त्यांचं असू दे गं. मागून येऊन ताईंनी नीट करून टाकलं की पोरांना लगेच कळतं हे खोटं होतं. पाणी भरायला विसरले तर दुपारी दोनला, राऊच्या मे महिन्यात, माठ रिकामा असू दे थोडा वेळ (मोठ्यांच्या खोलीत चार कॅन भरून ठेव, तेवढी मी निर्दय नाही). हिशेबवाल्या गटाला दिवसाच्या भाजी-दुधाचे खरे पैसे दे, खरी बिलं, संध्याकाळी सगळ्यांसमोर जमा-खर्च वाचायचा. सात रुपयांचा फरक आला की कोण कसं वागतं ते बघ. एक म्हणेल सोड ना, सात रुपये. एक रडकुंडीला येईल. एक स्वतःच्या खिशातून टाकून मोकळा होईल. आणि एखादी मुलगी सगळी बिलं जमिनीवर पसरून पहिल्यापासून सुरू करेल, जेवायची घंटा झाली तरी उठणार नाही. चाळीस प्रश्नांत हे कुठं येणार होतं?

नाश्त्याचं जरा सविस्तर सांगते कारण तिथं सगळ्यात जास्त दिसतं. सकाळी साडेसहाला सहा पोरं आणि स्वयंपाकाच्या मावशी, साडेतीन किलो पोहे. गॅस आणि मोठा सुरा मावशींकडे, बाकी निर्णय पोरांचे. पहिल्यांदा झारा कोण धरतं ते सगळ्यांनाच दिसतं, कमिटीला पण दिसेल आणि ते म्हणतील बघा लीडर. तू झाऱ्याकडे बघू नकोस. पोहे भिजवून जास्त वेळ राहिले तर लगदा होतो, हे कुणाच्या लक्षात आलं ते बघ. कांदा चिरताना रडणाऱ्याच्या हातातून चाकू न बोलता कुणी घेतला. कढई उतरल्यावर प्लेटा तीसच आहेत हे कुणी मोजलं, आणि मोजून ओरडलं की गुपचूप सहा वाट्या आणल्या. कोण पाच-पाच मिनिटांनी विचारतंय ताई मी काय करू, आणि त्याला ताईऐवजी गटातलंच कुणी काम देतंय का. बडीशेप घालायची का नाही यावर भांडण होणारच, आपल्याकडे ते घराघरांत आहे, ते कोण मिटवतं आणि कसं, आवाज चढवून का दोन कढया करून. शेव आणि जीरावन मसाला शेवटच्या माणसापर्यंत पुरलं का, म्हणजे पहिल्या दहा जणांना मूठमूठ देणारा हात कुणी थांबवला का. एका छोट्या वहीत फक्त हे लिहायचं, काय झालं ते. "जबाबदार", "बुजरी", "डॉमिनेटिंग" असलं एकही विशेषण वहीत नको, सगळ्या ताई-दादांना आधीच बजावून ठेव, त्यांना हे फार जड जाईल कारण आपल्याला शेरे मारायची सवय आहे.

रात्री जेवणानंतर गटागटानं बसायचं, सहा पोरं, एक ताई किंवा दादा, अर्धा तास बास. आधी प्रत्येकानं आपल्या वहीत तीन गोष्टी लिहायच्या: आज कुठं वेळ कसा गेला कळलंच नाही, कुठं सारखं घड्याळ बघत होतो, आणि कुणी सांगितलं नसताना काय केलं. वाचून दाखवायची सक्ती नाही. पहिल्या रात्री "खेळताना / श्लोकाच्या वेळी / काही नाही" एवढंच येईल, घाबरू नकोस, तिसऱ्या रात्री बघ. मग चिठ्ठी. आपल्या उजवीकडच्याला एक चिठ्ठी, दुसऱ्या रात्री डावीकडच्याला, जागा रोज बदलायच्या. चिठ्ठीत तू छान आहेस, तू फनी आहेस असलं चालणार नाही, आज घडलेली एक गोष्ट लिहायची जी तू बघितलीस. "पाणी संपलं तेव्हा तू कुणाला न सांगता बादली घेऊन गेलास." "लेझीमच्या वेळी मी चुकत होते तर तू माझ्याकडे न बघता हळू केलंस." ताईनं चिठ्ठ्या वाचूनच वाटायच्या, या वयात खवचटपणा भरपूर असतो, टोमणा असेल तर बाजूला घेऊन परत लिहायला लाव, सगळ्यांसमोर नाही. तीन रात्रींत पोराकडे तीन चिठ्ठ्या जमतात, आणि त्यातल्या दोन-तीन एकाच दिशेनं बोट दाखवत असतील तर ते त्याला त्याचंच कळतं. कधीकधी पोराला वाटत असतं मी गाणाऱ्यातला आहे आणि चिठ्ठ्या सगळ्या म्हणतात तू भांडण सोडवतोस. मग तो विचारात पडतो. पडू दे.

आता एक गोष्ट जी तुमच्या कमिटीला आवडणार नाही. आपली इंदूरची पोरं घरी मराठी बोलतात, ती पण आजीबरोबर पूर्ण आणि आईबरोबर अर्धी, शाळेत-गल्लीत हिंदी, मार्कांसाठी इंग्रजी. शिबिरात आलं की पहिल्या दिवशी घोषणा, इथं फक्त मराठीत बोलायचं. हेतू चांगला आहे, मला मान्य आहे, पण मग चर्चेच्या वेळी जी पोरं गप्प बसतात त्यातली निम्मी बुजरी नसतातच, ती मनात वाक्य जुळवत असतात आणि जुळेपर्यंत विषय पुढं गेलेला असतो. आणि कुणी "मी येऊन राहिलो होतो" म्हटलं की पुण्याहून आलेला एखादा पाहुणा हसतो, मग तर ते पोर चार दिवस तोंड उघडत नाही आणि आपण लिहून टाकतो, अंतर्मुख. गाणी मराठीत, श्लोक मराठीत, नाटक मराठीत, हवं ते कर, पण कामाच्या वेळी आणि रात्रीच्या गटात पोरांना जी भाषा तोंडात येईल ती येऊ दे, चिठ्ठ्या पण. एक साधी परीक्षा सांगते, जे पोर हॉलमध्ये गप्प असतं ते रात्री दिवे गेल्यावर खोलीत हिंदीत किती बडबडतं ते दाराबाहेरून ऐक. मग ठरव कोण बुजरं.

गप्प असण्याची बाकीची कारणंही असतात ती पटकन सांगून टाकते: ताप, घरची आठवण, एखादीची पाळी सुरू झालेली आणि कुणाला सांगायचं कळत नाही, खोलीतलं कुणी त्रास देतंय. पोर जेवत नसेल किंवा एकाच कुणाला टाळत असेल तर स्वभाव-बिभाव बाजूला ठेव आणि त्याच दिवशी बोल. मुलींसाठी पॅड कुठं ठेवलेत हे पहिल्या दिवशी सगळ्या मुलींना एकदम सांगायचं, विचारायची वेळ यायला नको.

नेतृत्वाच्या गोष्टी तुम्ही सांगणारच, आणि इंदुरात अहिल्याबाईंशिवाय गोष्ट पुरी होत नाही, २०२५ मध्ये तर त्यांच्या जन्माला तीनशे वर्षं झाली म्हणून जिकडेतिकडे कार्यक्रम होते. पण नाटिकेत दरवेळी तेच, एक उंच मुलगी पांढरी साडी नेसून पिंडी हातात घेऊन उभी, बाकी सगळे मुजरा. त्याऐवजी पोरांना हे सांग की १७६७ पासून जवळजवळ अठ्ठावीस वर्षं त्यांनी महेश्वरला बसून कारभार केला, म्हणजे तक्रारी ऐकणं, हिशेब, पत्रं, घाट, विहिरी, धर्मशाळा, आणि फौज घेऊन फिरायचं काम तुकोजी होळकरांकडे होतं. दोन माणसं, दोन तऱ्हेची कामं, आणि त्यांचं आपसांत नेहमी पटायचं असंही नाही. मग गटांना विचार, तुमच्यात महेश्वरला बसायला कुणाला आवडेल आणि घोड्यावर कुणाला? आणि का? ज्याला घोडा हवा होता त्याला दुसऱ्या दिवशी हिशेबाला बसव. शक्य असेल तर शेवटच्या दिवशी महेश्वरची ट्रिप काढा, नव्वदेक किलोमीटर आहे, पहाटे निघालं तर दुपारच्या उन्हाआधी किल्ला आणि घाट बघून होतो. पण नर्मदेत पाय घालायचा नाही, हे सगळ्यांना एकदा नाही चारदा सांग.

बेस्ट लीडरची ट्रॉफी मला अजिबात नको आहे. चार दिवसांत जो सगळ्यात जास्त दिसतो त्यालाच ती जाते, आणि जो दिसतो त्याला ट्रॉफीची गरज नसते, बाकी पस्तीस जण समजतात आपण नाही. कमिटी ऐकत नसेल तर निदान लेविनवाली गोष्ट वापर: तिसऱ्या दिवशी सगळ्या ताई-दादांनी वीस मिनिटं हॉलबाहेर जायचं, न सांगता, मध्येच, कामं चालू असताना, एकानं फक्त खिडकीपाशी उभं राहायचं. परत आल्यावर ज्या गटाचं काम चालू होतं त्या गटाला ट्रॉफी. अख्ख्या गटाला. ठेवायची कुणाच्या घरी यावर जे होईल ते पण बघण्यासारखं असतं.

पालकांचं मात्र जपून. शेवटच्या दिवशी ते विचारणार, काय निघालं आमच्या मुलाचं? लीडर आहे का? सर्टिफिकेटवर लीडरशिप क्वालिटी: एक्सलंट असं छापलं की ते फ्रीजवर वर्षभर. तू प्रत्येक पालकाला एक कागद दे, त्यावर ताईच्या वहीतल्या तीन घटना, जशा झाल्या तशा, आणि खाली एकच ओळ मोकळी, तिथं मुलानं स्वतः लिहायचं की पुढच्या सुट्टीत मला हे करून बघायचंय. पोराला विचारून मगच त्याच्या चिठ्ठ्या घरी दाखवायच्या, चिठ्ठ्या त्याच्या आहेत. एखादी आई म्हणेल हे काय, यात ग्रेड कुठंय. तिला चहा दे आणि त्या तीन घटना वाचून दाखव. बहुतेक जणी दुसऱ्या घटनेला गप्प होतात, कारण हे पोर असं करतं हे त्यांना घरी कधी दिसलेलंच नसतं.

राहता राहिला तुझा लेक. तो तुझ्या गटात नको, आणि तू त्याच्या वाटणीच्या नाश्त्याला स्वयंपाकघरात पण जाऊ नकोस, आई दारात उभी असली की पोर तेच वागतं जे घरी वागतं. त्याची वही दुसऱ्या दादाकडे दे आणि त्या दादाला आधी काही सांगू नकोस, तो बोलत नाही हो, जरा सांभाळून घ्या, हे तर मुळीच नाही, कारण तेही एक बॅजच झालं. रात्री त्याच्या खोलीत डोकावून आज काय काय केलंस विचारायचा मोह होईल, तो आवर. चार दिवस तू त्याची ताई. आणि शेवटच्या दिवशी बाकीच्या पालकांच्या रांगेत उभी राहून त्याचा कागद घे, सासूबाईंना पण घेऊन ये, आणि तिथंच त्यांना वाचायला दे. घरी घुबडाचा विषय निघालाच तर सांग की यंदा कुणालाच घुबड मिळालं नाही, घुबड एका गटाला मिळालं, आणि त्यात सहा जण होते.

मीटिंग कधी आहे ते कळव, आणि हे सगळं एकदम मांडू नकोस, आधी फक्त पाळ्यांचा तक्ता आणि फोररचा कागद दाखव. ट्रॉफीचं शेवटी काढ, चहा आल्यावर.

तुझी,
काकू